दोन पिंपळदऱ्या

"बाई, बोर्डावर कुणीतरी डांबर फासलंय," रज्जाकभाई म्हणाले आणि त्यांनी जीप हळू केली.

मागून येणाऱ्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. मी खिडकीतून डोकावून पाहिलं. रस्त्याच्या कडेच्या मोठ्या निळ्या फलकावर 'पिंपळदरी' एवढंच वाचता येत होतं. त्यापुढे हातभर काळा डाग, आणि डागापुढे डावीकडे वळणारा बाण.

"पिंपळदरी आहे ना? मग घ्या डावीकडे."

"पुढं काहीतरी लिहिलेलं होतं. मुद्दाम खोडलंय."

"घ्या हो. हा उतार चुकला तर पुढचा बावीस किलोमीटरवर."

त्यांनी जीप डावीकडे घेतली. जुन्या रस्त्याला फाटे असायचे. फाट्यावर चहाची टपरी असायची, चार माणसं बसलेली असायची. चुकलं तर विचारून मागे फिरता यायचं. या नव्या एक्सप्रेस रस्त्याला फाटे नाहीत, दोन्ही बाजूंनी भिंत आणि तारेचं कुंपण. मैलोन्‌मैल गेल्यावर एक उतार येतो, आणि आमच्याकडची माणसं एक्झिटला उतारच म्हणतात. तिथे उतरलात तर गाव, नाही तर पुढचा जिल्हा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. जानेवारीतला शनिवार होता. मी तेव्हा माळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होते आणि जीपमध्ये माझ्या आणि रज्जाकभाईंच्या मध्ये पाचवीतली मनकर्णा सानप बसली होती. आजीचं नाव ठेवलेलं, वर्गात सगळे मनू म्हणायचे. निवासी विद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. अकरा वाजता केंद्राचं फाटक बंद होणार होतं, आणि ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते.

मनूचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की निघायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. मनू त्यांच्याबरोबर जायची आणि उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळायची. चार वर्षं ती अर्धीच शाळा शिकली. त्या साली मी तिला माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. तिची आई निघताना मला म्हणाली होती, "बाई, परीक्षा लागली तर तुमची. नाही लागली तर पुढच्या साली माझ्यासंगं येईल. आता हिच्या पाठीवर आणखी एक हाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती हिशेबाने खरंच बोलत होती.

"बाई, डांबराच्या खाली काय असंल?" मनूने विचारलं.

"बु. असेल. नाहीतर खु."

"म्हंजे?"

मुलाने प्रश्न विचारला की मला बाकी काही दिसत नाही. हा माझा गुण म्हणा नाहीतर खोड. मी तिच्याकडे वळून बसले. "बु. म्हणजे बुद्रुक. खु. म्हणजे खुर्द. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली, तर थोरल्याला बुद्रुक म्हणायचं आणि धाकट्याला खुर्द. फार जुने शब्द आहेत, फारसीतून आलेले."

"आमच्यात बुजुर्ग म्हणतात ना, तेच ते," रज्जाकभाई म्हणाले. "लोकांच्या तोंडात घासून घासून बुद्रुक झालं."

"आणि धाकटं वाढत नाही व्हय?"

"माणूस वाढतं. गावाचं नाव एकदा पडलं की पडलं."

मनूने मान डोलावली, पण पटलं नसल्यासारखी.

उतार संपला तिथे टोलनाका आणि त्यापुढे वर्तुळाकार चौक होता. डावीकडे एक छोटी पाटी, 'पिंपळदरी बु. ६ कि.मी.' उजवीकडे दुसरी, 'पिंपळदरी खु. ७ कि.मी.' रज्जाकभाईंनी ब्रेक दाबला.

"आता कुठं?"

मी हॉलतिकीट पाहिलं. 'जनता हायस्कूल, पिंपळदरी.' बु. नाही, खु. नाही.

"विचारून येऊ का नाक्यावर?"

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. "विचारायला कशाला हवं? हायस्कूल म्हणजे थोरल्या गावातच असणार," मी म्हणाले. "डावीकडे."

सहा किलोमीटर रस्ता एक्सप्रेसच्या भिंतीला धरून होता, आणि नुसते खड्डे. गाव आलं. मारुतीचं देऊळ, बंद पडलेली पिठाची गिरणी, आणि दोन खोल्यांची प्राथमिक शाळा. शाळेला कुलूप. कुठे मुलं नाहीत, पालक नाहीत, गाड्या नाहीत.

देवळासमोर पत्र्याचं हॉटेल होतं. एक बाई भजी तळत होती. साठीच्या आतबाहेरची, दंडावर गोंदण. सोजरबाई, हे नाव मागून कळलं.

"हायस्कूल कुठे आहे हो?" मी जीपमधूनच विचारलं.

तिने झारा कढईवर ठेवला आणि मनूच्या हातातल्या कंपासपेटीकडे पाहिलं. "परीक्षेला का? मग खुर्दात जा."

"हे थोरलं गाव ना?"

"नावाला थोरलं. आमचे समदे गेले पुण्या-मुंबईला. कालवा गेला त्यांच्याकडनं, मग बाजार त्यांच्याकडं, बँक त्यांच्याकडं, हायस्कूल त्यांच्याकडं. दर परीक्षेला एखादी गाडी हितं येतीच. मागच्या साली तर अख्खं वऱ्हाड आलं. चहापाणी झालं, नवरदेव घोड्यावर बसला, तवा कळलं का नवरी पलीकडं हाय."

एरवी मी हसले असते. "खुर्द किती लांब आहे?"

तिने हात केला. एक्सप्रेसच्या भिंतीच्या पलीकडे झाडं दिसत होती, पाण्याची उंच टाकी दिसत होती. हाकेच्या अंतरावर.

"त्ये काय. पर गाडीनं जायचं तर आले तसे मागं जा, आन पलीकडनं सात. आज कारखान्याच्या ट्रॅक्टरची रांग लागलीय त्या रस्त्याला."

"पाऊण तास," रज्जाकभाई हळूच म्हणाले.

दहा चाळीस झाले होते. मनूने हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीला गाठ मारली. माझ्या वर्गातल्या मुलांना मी नेहमी सांगायचे, चुकलात तर आधी श्वास घ्या. मला तो घेता येत नव्हता. मी विचारलं असतं, नाक्यावर एक मिनिट थांबले असते, तर...

"पायी वाट नाही का?" मनूने विचारलं. माझ्या आधी तिनेच.

"गुरांचा बोगदा हाय की रस्त्याखाली," सोजरबाई म्हणाली. "धा मिन्टं चालत. जीप न्हाई शिरायची. आन पाणी हाय. कालव्याचं आवर्तन सुटलंय ना, समदं तिथं साचतं. पलीकडनं शाळा आणखी दीड मैल." मग गॅस बंद करून तिने पदराला हात पुसले आणि कमरेचा मोबाईल काढला. "थांबा. एकीला लावते. उचलती का बघू."

तिने नंबर लावला आणि आमच्याकडे पाठ केली.

"हॅलो. विहीणबाई का? म्या सोजर… व्हय, जित्ती हाय… भांडाया न्हाई लावला. बोर्डाचं राहू द्या वो. ऐका. एक पोरगी परीक्षेची, चुकून आमच्यात आली… हसा, हसा. हसून झालं का गाडी घिऊन बोगद्याच्या तोंडाला या… व्हय, आत्ता. अकराला फाटक लावत्यात… न्हाई म्हणायचं तर सरळ म्हणा." ती थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "चला."

"येणार का त्या?"

"काय ठावं. दोन सालं झाली बोललो न्हाई. माझी लेक दिलीय तिच्या घरात. बोर्डावर बुद्रुक लिवलं म्हणून त्यांच्या पोरांनी डांबर फासलं, आमच्या पोरांनी त्यांच्या वेशीवरची पाटी उपटली. तवापासनं लेकीला भेटायचं तर तालुक्याच्या बाजारात."

रज्जाकभाई जीप घेऊन लांबच्या रस्त्याने निघाले. आम्ही तिघी भिंतीच्या कडेने चालू लागलो, खरं तर पळूच लागलो. सोजरबाई चप्पल हातात घेऊन पुढे. वरून गाड्यांचा आवाज सतत येत होता. त्यातल्या एकालाही आम्ही दिसत नव्हतो.

बोगदा म्हणजे सिमेंटची चौकोनी नळी. वाकलं तर माणूस जाईल, बैल जाईल. आत अंधुक उजेड आणि पाणी, शेणाच्या रंगाचं. सोजरबाईने काठी घालून पाहिलं. गुडघाभर. म्हणजे मनूच्या मांडीपर्यंत.

"मी उचलते तुला," मी म्हणाले.

"तुम्ही पडाल बाई." तिने फ्रॉक वर खोचला, कंपासपेटी आणि पिशवी डोक्यावर ठेवली, एक हात वर धरला आणि पाण्यात उतरली. मान ताठ, पाऊल आधी चाचपून मग टाकायचं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन माणसं अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढतात, ती चाल. ती मी तिला शिकवलेली नव्हती. सोजरबाई तिच्या एका बाजूला होती, मी मागे साडी सावरत. मधोमध माझा पाय घसरला, तेव्हा त्या मुलीनेच मला दुसरा हात दिला.

पलीकडच्या तोंडाशी उजेडात एक आकृती उभी होती. हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर, आणि हातात स्कूटीची मूठ. इतकं हायसं वाटून मी आजवर कुणाकडे पाहिलं नसेल.

"या विहीणबाई," सोजरबाईची विहीण, गयाबाई, बोगद्यात वाकून म्हणाली. "दोन सालांनी आलात, त्ये बी शेणातनं."

"तुमच्या गावचं पाणी, तुमच्या गावचं शेण," सोजरबाई म्हणाली. "आम्ही काय करावं."

"पोरगी कुठली?"

"माळेवाडीची," मी म्हणाले. "मी तिची शिक्षिका. मला पण…"

"एकच बसंल. म्होरं चिखल हाय, तिघी बसलो तर रुतंल. बस गं. घट्ट धर."

मनू ओल्या पायांनी मागे बसली. दहा वर्षांच्या मुलीला मी अनोळखी बाईच्या गाडीवर एकटी पाठवत होते, आणि घड्याळात अकराला तीन मिनिटं कमी होती. स्कूटी चालू झाली. तेव्हा मी जे ओरडून सांगितलं ते मला आजही आठवतं.

"मनू, उशीर का झाला विचारलं तर सांग, गाडी पंक्चर झाली."

तिने मागे वळून पाहिलं. हो म्हणाली का नाही ते आवाजात कळलं नाही.

सोजरबाई बोगद्याशीच थांबली. "म्या कशाला येऊ त्यांच्या गावात," म्हणाली. मी पायी निघाले. दीड मैल, ओली साडी पायात गुंडाळत होती. शाळा लांबूनच दिसली. दुमजली, मोठं मैदान, फाटकाबाहेर पन्नास-साठ गाड्या आणि झाडाखाली बसलेले पालक. फाटक बंद होतं. गयाबाई कट्ट्यावर बसली होती.

"आत गेली का?"

"आम्ही आलो तवा लावलं हुतं फाटक. सात मिन्टं झाली हुती. शिपाई न्हाई म्हणत हुता. म्या म्हणलं, तुझ्या आईला सांगते. मग त्यानं हेडमास्तरला विचारलं, आन पोरीला एकटीला आत बोलावलं. मला न्हाई."

"मग?"

"मग काय. भायेर आली न्हाई. बसवलं असंल न्हाईतर रडत बसली असंल."

परीक्षा साडेअकरा ते दीड. मी फाटकातून शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, परीक्षा चालू असताना काही सांगायची परवानगी नाही. मी कट्ट्यावर बसले. माझ्या चुकीची सगळी उजळणी केली, दोनदा. बुद्रुक म्हणजे थोरलं. किती ऐटीत शिकवलं होतं. पलीकडच्या झाडाखाली एक बाप मुलाला घेऊन बसला होता. तो मुलगा रडत होता. वीस मिनिटं उशीर झाला म्हणून परत पाठवलं, असं कुणी तरी म्हणालं. मनूच्या आईला काय सांगायचं, ते मी मनात जुळवू लागले. 'तुमची मुलगी हुशार आहे, बाई नव्हत्या.' त्यापुढे वाक्य जाईना.

गयाबाईने कुणाला तरी फोन लावला. मी ऐकत नव्हते, पण अर्ध्या तासाने तिची तरुण सून डबा घेऊन आली, आणि तिच्या मागे, पदर तोंडाला लावून, सोजरबाई. लेकीने जाऊन तिला बोगद्याशीच गाठलं होतं.

"आलात ना शेवटी," गयाबाई म्हणाली.

"लेकीनं ओढून आणलं. भाकरी कुणी केली?"

"तुमच्या लेकीनं."

"मग खाते."

त्यांनी माझ्या हातावरही भाकरी ठेवली.

दीडला घंटा झाली. मुलं बाहेर येऊ लागली. पन्नास आली, शंभर आली. मनू नाही. गर्दी संपली आणि मग शिपायाने फाटक उघडून विचारलं, "माळेवाडीच्या बाई कोण? सरांनी बोलावलंय."

मुख्याध्यापकांच्या खोलीत गव्हाणे सर बसले होते. जाड भिंगाचा चष्मा, टेबलावर उघडलेली जाड वही. टेबलाशेजारी मनू उभी होती. फ्रॉक अंगावरच वाळलेला, पायांना सुकलेला चिखल. तिच्या बोटांना शाईचे डाग होते. ते डाग पाहून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"बसा," सर म्हणाले. "पेपर दिलाय तिने. पहिल्या मिनिटापासून. पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा आलेल्याला घ्यायचा अधिकार मला आहे. पण कारण नोंदवावं लागतं आणि त्याखाली माझी सही जाते. म्हणून मी खोटं कारण लिहीत नाही. आज हिच्या आधी दोघं आले, दोघांचीही गाडी पंक्चर. मी शिपायाला टायर बघायला पाठवलं. एकाचं खरं होतं."

मी खाली पाहिलं.

"मग ही आली. मीच म्हणालो, काय, पंक्चर का? तर म्हणाली, नाही. मग काय झालं? तर म्हणाली, आमच्या बाईंना बुद्रुक मोठं वाटलं." ते हसू दाबत होते. "बाई, माझा जन्म या गावातला. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय की मोठं गाव आमचं आहे. सरकार ऐकत नाही, रस्तेवाले ऐकत नाहीत, तो फलक तर तुम्ही पाहिलाच. हे कारण मला तपासायला शिपाई पाठवावा लागला नाही."

मी मनूकडे वळले. "मी तुला पंक्चर सांगायला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"पंक्चर म्हटलं असतं तर रज्जाकचाचांची चूक झाली असती," ती म्हणाली. "त्यांनी सकाळी चारी चाकं बघितली होती, ठोकून. त्यांची काहीच चूक नव्हती."

जूनमध्ये यादी लागली आणि तिचं नाव नवव्या क्रमांकावर होतं. तिची आई पेढे घेऊन शाळेत आली, माझ्या पाया पडू लागली. मी त्या बाईला कसं सांगणार होते की तुमची मुलगी परीक्षेला बसली ती दोन भांडलेल्या विहिणींमुळे, आणि तिने मी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून. पुढे मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "खोटं तिला जमतच न्हाई. आम्ही लई बोलतो त्यावरनं तिला." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्गात काही शिकवलं की विचारायचे, हे कुणाला पटलं नाही का? आणि हात वर झाला की मला फार बरं वाटायचं.

पण त्या दिवशी, त्या खोलीत, गव्हाणे सरांनी वही माझ्याकडे फिरवली. "सोबत आलेल्या व्यक्तीची सही लागते. कारणाखाली. वाचून करा."

मी वाचलं. 'सोबतच्या शिक्षिका चुकिच्या पिंपळदरीत गेल्याने उमेदवारास सात मिनिटे उशीर.'

मी पेन उचललं. मनू टाचा उंच करून वहीत बघत होती.

"बाई," तिने हळूच विचारलं, "चुकीच्या मधल्या की ला दुसरी वेलांटी ना?"

मी पुन्हा पाहिलं. सरांनी पहिली दिली होती.

"दुसरी," मी म्हणाले.

गव्हाणे सरांनी चष्मा पुसला, वही आपल्याकडे ओढली, वेलांटी दुरुस्त केली आणि शेजारी बारीक सही केली. मग मी माझी सही केली, पूर्ण नावाने.